सातिवलीच्या शेताला कोणती बंदूक?

वसई पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत सातिवली आहे. गावाभोवती औद्योगिक गाळे आणि कामगारांच्या चाळी वाढत गेल्या, तरी तुंगारेश्वरच्या डोंगराकडच्या पट्ट्यात भातशेती आणि भाजीचे मळे तग धरून आहेत. डोंगरात रानडुकरं आहेत. भात तयार झाला की एका रात्रीत ती शेताचा चिखल करतात. मग राखणीला बसलेल्या माणसाच्या मनात बंदुकीचा विचार येतो, आणि डोळ्यांसमोर बऱ्याचदा उभी राहते ती काउबॉयच्या सिनेमांतली लिव्हरची रायफल.

ती आहेच देखणी. चापाखालची कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि वर घेतली की नवं नळीत बसतं. १८६० च्या हेन्री रायफलीत एका दमात सोळा काडतुसं मावत. त्यानंतर विंचेस्टरची १८७३ ची रायफल आली, आणि जॉन ब्राउनिंगने आखलेली १८९४ ची रायफल तर सत्तर लाखांहून अधिक बनली. अमेरिकेतला शेतकरी नेम धरून रिकामे डबे पाडायला .२२ बोरची रायफल घेतो आणि रानडुकरासाठी .३०-३०. तिथली निवड एवढी सरळ आहे. एक बारकावा मात्र तिथल्या दुकानदारालाही सांगावा लागतो. या रायफलीत नळीखालच्या लांब पोकळीत काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात. टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलं तर दणक्याने ते आतच उडू शकतं, म्हणून अशा .३०-३० ची गोळी चपट्या नाकाची असते.

भारतात हा हिशेब बदलतो. सर्वसामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. ती मुभा नामांकित नेमबाजांपुरती आहे. जुन्या काळी आलेली एखादी विंचेस्टर विक्रेत्याकडे मिळालीच, तर तिची काडतुसं कुठून आणणार? त्यातून १९५९ च्या शस्त्र कायद्याने शेतकऱ्याचा मार्ग आधीच आखून दिला आहे. पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरी पडणार नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोर. कोकणात अशा पीक संरक्षणाच्या परवान्यांची परंपरा जुनी आहे. रायफल हवी असेल तर त्यासाठी वेगळं, सबळ कारण द्यावं लागतं.

सातिवलीकराला आणखी एक कलम माहीत हवं. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. सातिवली त्या दहा किलोमीटरच्या पुष्कळ आत आहे. परवाना हाती आला तरी रानडुक्कर मारायला वनविभागाची स्वतंत्र परवानगी लागते. ती नसेल तर शेत स्वतःचं असूनही ती शिकार ठरते.

परवानगीचा भाग बाजूला ठेवला, तरी या गावाला रायफल शोभत नाही. आपल्याकडे नागरिकांना मिळणाऱ्या .३१५ ची गोळी चुकली तर किलोमीटरांच्या हिशेबात जाते. छोटी वाटणारी .२२ सुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे पोहोचू शकते. त्या अंतरात इथे चाळी आहेत, शाळा आहेत, महामार्ग आहे. बारा बोरचा मारा पस्तीस-चाळीस मीटरचा असतो आणि बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरवर जमिनीला टेकतात. डुकरासाठी लागणारे मोठे छर्रे त्याहून बरेच लांब जातात, म्हणून माळ्यावरून खाली, मातीच्या दिशेनेच नेम धरायचा. दाट वस्तीच्या पायथ्याला कमी पल्ल्याची बंदूकच बरी.

राहिली डबे पाडायची हौस. ती परसात भागवू नये. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजी गोळीबाराने कुणाचा जीव धोक्यात आणला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. या हौसेला महाराष्ट्रात फार चांगली जागा आहे, ती म्हणजे नेमबाजीची रेंज. .१७७ बोरची, वीस ज्यूलपर्यंतची एअर रायफल शस्त्र परवान्याशिवाय घेता येते. दहा मीटरवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तो टिपायला लागलेल्या माणसाला डब्यांची आठवण राहत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवलं ते ५० मीटरवर, .२२ च्याच रायफलीने. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये जगज्जेत्या ठरल्या. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, तर पनवेलला ऑलिंपिकपटू सुमा शिरूर मुलं घडवतात.

तेव्हा यंदा भात आडवा झाला असेल, तर बंदुकीच्या दुकानाआधी वनविभागाचं कार्यालय गाठा. पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या. त्यानंतरही बंदूक लागेल असं वाटलं, तर मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे परवान्याचा अर्ज करा आणि त्यात बारा बोर लिहा.