गोगलगाईचें कुलूप

न्यूझीलंडच्या कांहीं सरोवरांत सुमारें ५ मिलिमीटर लांबीची एक गोगलगाय राहते. तिच्यांतील कांहीं माद्यांना नरावांचून प्रजा होते; लेकी हुबेहूब आईसारख्या. इतरांना नर लागतो. त्यांची संतति मात्र आनुवंशिक गुणांत परस्परांहून निराळी. नर न प्रसवणारा पहिला वर्ग झपाट्यानें वाढावयाचा. मग दुसरा टिकला कसा? जेथें परजीवी कृमि अधिक, तेथें नरही अधिक, असें कर्टिस लाइव्हली यांनीं १९८७ सालीं दाखविलें. हे कृमि गोगलगाईला वंध्य करतात, आणि जो एकसारखा वंश फार बोकाळतो, त्यालाच पुढें अधिक ग्रासतात. सर्व घरांना एकच कुलूप असेल, तर चोराला एक किल्ली पुरते. वैविध्य हेंच त्या जातीचें संरक्षण होय.