पत्र्याला वळण लावताना

मोटारसायकल घरी बनवता येते का? माझ्या मते याचे उत्तर अर्धे 'हो' आणि अर्धे 'नाही' असे आहे. इंजिन, गिअरबॉक्स, चाके आणि ब्रेक कारखान्यातूनच आलेले बरे. पण पेट्रोलची टाकी, मडगार्ड, बाजूची कव्हरे आणि सीटखालचा पत्रा, म्हणजे आपण ज्याला 'बॉडी' म्हणतो तो सगळा भाग, हातोडी, लाकूड आणि वाळूची पिशवी एवढ्या साधनांवर घराच्या अंगणात बनू शकतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या मामांनी तो बनवला आणि मी त्यांचा मदतनीस होतो. त्यातून जे समजले ते या लेखात सांगतो.

मामांचे घर तिरुवैयारुला आहे. हे गाव तंजावरच्या उत्तरेला सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी आहे. संत त्यागराजांची समाधी तिथेच आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळापासून जी मराठी कुटुंबे तंजावर भागात स्थायिक झाली, त्यांतले आमचे आजोळ. घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ बोलली जाते. मामा सैन्याच्या ईएमई कोअरमध्ये वाहनांचे मेकॅनिक होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. आजोबांची जुनी ३५० सीसी बुलेट त्यांच्याकडे आहे. तिचे इंजिन चांगले आहे, पण टाकी आतून गंजून चाळणी झाली होती आणि मडगार्डचे कडेचे पत्रे हाताने मोडत होते.

बुलेटचे आणि सैन्याचे नाते जुने आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. जुन्या बुलेटचा सांगाडा आणि बॉडी वेगवेगळी असते, म्हणून तिचा पत्रा बदलणे शक्य होते. हल्लीच्या अनेक गाड्यांमध्ये प्लास्टिकची कव्हरे असतात, त्यांना हातोडीचा उपयोग नाही.

आधी कागद, मग पत्रा

आपल्या महाराष्ट्रातले एक उदाहरण अनेकांनी बातम्यांत पाहिले असेल. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातले भाग जमवून एक छोटी चारचाकी बनवली. दुचाकीसारखी किक मारली की ती सुरू होते. २०२१ च्या अखेरीस तिचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले, पण त्याच वेळी हेही लिहिले की ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने ती घेतली. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. १९६२ च्या युद्धानंतर देशाचे संरक्षणमंत्री झाले ते हेच यशवंतराव.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांचे. त्यांनी १९२० सालची एक इंडियन मोटारसायकल आयुष्यभर घरच्या शेडमध्ये सुधारली. पिस्टनसुद्धा ते स्वतः ओतत. गाडीवरचे मासळीच्या आकाराचे कवचही त्यांनी स्वतःच बनवले. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाने ती पळवून विक्रम केला.

मामांनी ही दोन्ही नावे सांगितली आणि मला विचारले, "दोघांच्या गाड्यांत फरक काय?" मी इंजिनाबद्दल बोलू लागलो. ते म्हणाले, "फरक जागेचा आहे. मन्रोसमोर रिकामे मैदान होते. आपल्या गाडीसमोर शाळेतून सुटलेली मुले येणार."

म्हणून कामाची सुरुवात कायद्यापासून झाली. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकात म्हणजे आरसीत लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन तिचे नूतनीकरण करावे लागते. आजोबांच्या बुलेटची ती मुदत जवळ आली होती. तपासणीत गाडी नापास झाली तर इतकी मेहनत करून तिची जागा भंगारात.

मामांनी वहीत दोन रकाने केले. पहिला 'हात लावायचा नाही': चेसिस, इंजिन आणि त्यांचे क्रमांक, चाकांमधले अंतर, टायरचे माप, ब्रेक, दिवे, सायलेन्सर, आसनांची संख्या, मूळ काळा रंग. दुसरा 'नव्याने करायचे': टाकी, दोन मडगार्ड, दोन साइड कव्हर, सीटखालचा पत्रा. लांब फोर्क आणि मागे जाड टायर हे माझे आवडते बदल पहिल्या रकान्यात गेले. ती यादी घेऊन ते आधी परिवहन कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी यादी वाचली आणि काम झाल्यावर गाडी तपासणीला आणायला सांगितले.

पुठ्ठ्याची मोटारसायकल

पत्रा कापण्याआधी पुठ्ठा कापायचा. चुकलेला पुठ्ठा फुकट असतो, चुकलेला पत्रा विकत आणावा लागतो. प्रत्येक भागाचा पुठ्ठ्याचा साचा करून तो गाडीवर दोरीने बांधला. लांबून पाहिले, पुन्हा कापला. मग साचा पत्र्यावर ठेवून खुणा केल्या. पत्रा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेले मऊ पोलाद. टाकी आणि मडगार्डसाठी १८ गेज, साधारण १.२ मिलिमीटर, साइड कव्हरसाठी २० गेज, साधारण ०.९ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे लक्षात ठेवावे.

ठोकल्यावर पत्र्यात काय होते

सपाट पत्रा वाकवून नळी करता येते, पण वाटी करता येत नाही. कागदाचेच पाहा. कागदाची सुरळी होते, पण चेंडूवर कागद बसवला तर कडेला चुण्या पडतात. वाटीसारखा गोलवा आणायचा तर पत्र्याचा मधला भाग ताणावा लागतो किंवा कडेचा भाग आकसावा लागतो. पत्र्याच्या सगळ्या कामात या दोनच क्रिया आहेत.

ताणण्यासाठी जाड कॅनव्हासच्या पिशवीत कावेरीची कोरडी बारीक वाळू भरली. पत्रा पिशवीवर ठेवून गोल तोंडाच्या लाकडी हातोड्याने ठोकला की वाळू सरकते आणि पत्रा खाली दबतो. घाव एकाच जागी घालायचे नाहीत. कडेकडून मध्याकडे, ओळीने, एकमेकांना लागून घालायचे. पोळी लाटताना आई जशी ती फिरवत राहते तसा पत्रा फिरवत राहायचा.

आकसणे याहून अवघड. शिंपी जशी कापडाला चुणी घालतो तशी पत्र्याच्या कडेला मुद्दाम चुणी पाडायची. मग तिचे टोक दाबून ती उभी न राहता स्वतःतच जिरेल अशी हळूहळू ठोकायची. चुणी जिरली की कड आखूड होते आणि गोलवा आपोआप येतो. चुणी दुमडून एकावर एक बसली तर मात्र तिथे पुढे चीर जाते.

थोड्या वेळाने पत्रा ऐकेनासा होतो. घावाचा आवाजही बदलतो, 'धप्प' ऐवजी 'टण्ण' येऊ लागतो. धातूच्या आत कणांची रचना ठोकण्याने गुंतत जाते आणि धातू कडक होतो. तसाच ठोकत राहिलो तर तो फाटतो. अशा वेळी त्याला ताव द्यायचा, म्हणजे लाल होईपर्यंत तापवायचा आणि राखेत सावकाश गार होऊ द्यायचा. तो पुन्हा मऊ होतो. तांबे मात्र तापवून पाण्यात बुडवले तरी मऊच राहते.

शेवटची पायरी गुळगुळीत करण्याची. पत्र्याच्या आतून लोखंडी डॉली धरायची आणि बाहेरून सपाट हातोडीने हलके, जवळजवळ घाव घालायचे. इंग्रजी पुस्तकांत याला वेगळा शब्द आहे, पण मराठीत फार जुना शब्द आहे: मठारणे. पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर आजही मठारकाम होते. त्या भांड्यांवरच्या चकाकत्या टिकल्या नुसत्या शोभेच्या नसतात. त्या घावांनी तांबे कडक होते आणि भांडे सहज चेपत नाही. तंजावरची प्रसिद्ध तबकेही पत्र्याला आकार उठवूनच करतात. त्या कलेची परंपरा सरफोजीराजे दुसरे यांच्या काळाशी जोडली जाते. मडगार्ड आणि देवघरातले तबक यांत धातूचे शास्त्र एकच आहे.

मडगार्डच्या कडेत तार घालून पत्रा तिच्यावर दुमडला. घरातली लोखंडी बादली पाहा, तिच्या तोंडाशी अशीच तार असते. त्यामुळे कड हाताला कापत नाही आणि पत्रा थरथरत नाही.

टाकी: इथे घाई नको

सर्वांत अवघड भाग टाकीचा. तिला खालून खोबण असते, कारण ती सांगाड्याच्या नळीवर खोगिरासारखी बसते. आमची टाकी चार तुकड्यांची झाली: दोन बाजू, वरचा पत्रा आणि खोबण.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो. पेट्रोलची जुनी टाकी घरी कधीही वेल्ड करू नये. रिकामी दिसली तरी तिच्यात पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगीने ती फुटू शकते. मामांनी जुनी टाकी दुरुस्त न करता नवी बनवली, त्याचे हेच कारण होते.

वेल्डिंग मामांनीच केले. मला पाच मीटरवर उभे केले होते. सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो. म्हणून आधी थोड्या थोड्या अंतरावर टाके घातले, एक या टोकाला तर दुसरा त्या टोकाला, आणि मग मधले अंतर हळूहळू भरले.

नंतर चाचणी. तोंडे बंद करून सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. जास्त हवा भरली तर सांधा फाटतो. खोबणीच्या मागच्या कोपऱ्यात एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. मला वाटले, एवढ्याशावर थोडी पुट्टी चालेल. मामांनी तो सांधा कापून काढला आणि नव्याने केला, कारण त्याच्या बरोबर खाली तापलेले इंजिन असते. दोन दिवस गेले. पुढच्या चाचणीत एकही बुडबुडा आला नाही. मग पाणी भरून मोजले, १३ लिटर बसले. टाकी उन्हात पूर्ण वाळवली, आणि डेल्ट्याच्या दमट हवेत गंज लवकर धरतो म्हणून बाहेरून त्याच दिवशी प्रायमर दिला.

रंगाआधीची तपासणी

बॉडी गाडीवर बसली म्हणजे काम संपले असे नाही. मामांची यादी अशी होती:

१. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. टाकीला हात किंवा फोर्क लागता कामा नये.
२. त्याच वेळी क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या केबल कुठे ताणतात किंवा चिमटतात का ते पाहा.
३. मागे दोन माणसे बसवून गाडी दाबा. टायर आणि मडगार्ड यांत जागा उरली पाहिजे. आम्ही मडगार्डच्या आत मातीचे गोळे चिकटवले आणि दाबल्यावर ते किती चेपले ते पाहिले.
४. प्रत्येक कडेवरून जुने कापड फिरवा. धागा अडकला तर कानस लावा.
५. इंजिन जागेवर चालू ठेवून प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासा, कारण बुलेटच्या थरथरीने नट सैल होतात.

पाचही गोष्टी झाल्यावरच काळा रंग लागला.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर मोटारसायकलपासून करू नका. आपल्या वर्कशॉपमध्ये सरांची परवानगी घेऊन २० गेजचा हातभर तुकडा घ्या. डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, कानात बोळे, आणि वाळूच्या पिशवीवर एक उथळ ताट बनवून पाहा. ते टेबलावर न डगमगता बसले तर मडगार्डचा विचार करा.

मी १५ वर्षांचा आहे. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ व्या वर्षी मिळतो, त्यामुळे ती बुलेट मी अजून तीन वर्षे चालवणार नाही. मामाही ती सध्या चालवत नाहीत. नूतनीकरणाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे आणि तोवर गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. अधिकाऱ्यांनी काही बदलायला सांगितले तर ते बदलायचे, असे मामांनी ठरवले आहे. त्यासाठी पुठ्ठ्याचे सगळे साचे माळ्यावर नावे घालून ठेवले आहेत.