मोफत धडे, आपला सराव (लेखांक ५) : सत्तर पानांचा पुडा

धडा पाहिला म्हणजे आला असं वाटतं, आणि तिथेच गाडं अडतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. प्रोग्रॅमिंग तर हातानेच शिकायची गोष्ट.

मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने हे ओळखलं आहे. पायथनपासून लिनक्सपर्यंत विषय, बरेच धडे मराठी आवाजात, साधारण दहा मिनिटांचे. व्हिडिओ थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं, शेवटी स्वाध्याय. पण केलेलं बरोबर की चूक, हे व्हिडिओ सांगू शकत नाही. शहरात विचारायला कुणीतरी सापडतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाचा विचार करा. १९७६ पासून तिथे लोकबिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा आहे. मुलांच्या घरची बोली माडिया, मराठीसुद्धा शाळेत येऊन शिकायची. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की भामरागड तालुक्यातल्या गावांचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणचा सराव नेटशिवाय चालला पाहिजे, प्रश्न दोन ओळींत संपला पाहिजे आणि उत्तर त्या सरावानेच तपासलं पाहिजे.

भागाकाराचा धडा घेऊ. मे महिन्यात तिथली कुटुंबं तेंदूपानं तोडतात. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. प्रश्न एवढाच: पानं दिली आहेत, पुडे किती होतील आणि सुटी पानं किती उरतील? पायथनमध्ये // या खुणेने पूर्ण पुडे मिळतात, % ने उरलेली पानं. मुलाने १००० लिहिलं, तर १४ पुडे आणि २० पानं. (त्याने देवनागरीत '१०००' टाइप केलं तरी मजकुराचा पूर्णांक करणारं पायथनचं इंट ते आकडा म्हणून घेतं. हे फार कमी जणांना माहीत असतं, आणि मला ते मनापासून आवडतं.)

खरी मेहनत पुढे आहे. एखादी मुलगी साधा भागाकार करते आणि पडद्यावर १४.२८ असं काहीतरी येतं. तिथे 'चूक' एवढंच दाखवून काय उपयोग? 'पानं विकत घेणाऱ्या फळीवर पाव पुडा मोजून घेतात का?' असं विचारा, ती स्वतःच दुरुस्त करेल. दुसरा मुलगा जवळच्या पूर्णांकात बदलणारं राउंड वापरतो. १००० ला त्याचं उत्तर बरोबर, १४! अशा वेळी एकाच आकड्यावर तपासणारा स्वाध्याय त्याला शाबासकी देऊन मोकळा होतो. म्हणून ६९ हवा: राउंड म्हणतं १ पुडा, खरं उत्तर शून्य पुडे, ६९ पानं. ७० हवा, आणि शून्यही हवं. स्वाध्याय लिहिणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं: मूल कुठे चुकेल, आणि ती चूक कोणता आकडा पकडेल?

पायथनसोबतच येणारं डॉकटेस्ट ही तपासणी नेटशिवाय करतं. पण त्याचा निकाल इंग्रजीत येतो, आणि चूक कशामुळे झाली हे त्यात नसतं. त्यापेक्षा चार 'जर' लिहून, प्रत्येक चुकीसाठी एक मराठी वाक्य लिहिलेली स्वतःची छोटी फाइल बरी. शिक्षकांना सुचलं तर तेच वाक्य माडियातही लिहिता येईल.

पुढच्या आठवड्यात लूप: १४ पुड्यांवरून गोण्यांपर्यंत, रोजची बेरीज करत.