चितपट झाली की नाही? क्लिप बघून ठरवता येतं का?

मानवतहून मी बोलतोय. आजचा विषय: महाराष्ट्र केसरी आणि आपला राग.

२ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पंचांनी शिवराज राक्षेला चितपट दिलं, पृथ्वीराज मोहोळ विजयी. राक्षेचं म्हणणं, पाठ टेकलीच नाही, रिव्ह्यू घ्या. वाद चिघळला आणि त्यानं पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे, गायकवाड यांना तेव्हा तीन वर्षांसाठी निलंबित केलं गेलं.

मग काय, ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तीच क्लिप आणि प्रत्येकजण पंच!

आता नियम बघा. चितपट म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकलेले आणि पैलवान पूर्ण ताब्यात. एका बाजूनं काढलेल्या व्हिडिओत पलीकडचा खांदा अंगाआड जातो. त्यात फॉरवर्ड होऊन होऊन क्लिप इतकी दबते, की खांदा आणि गादी यांच्यातली बोटभर फटही पुसट होते. म्हणजे त्या क्लिपवरून 'टेकले'ही सिद्ध होत नाही आणि 'नाही टेकले'ही.

लाथेचं समर्थन नाहीच. पण रिव्ह्यूची मागणी रास्त होती. वर्षभर तालमीत घाम गाळलेल्या पैलवानाला हार पचते, न दाखवलेला निकाल पचत नाही. प्रेक्षकांचंही तेच. दोन-तीन कोनांतून रिप्ले मैदानातल्या स्क्रीनवर लावा, निम्मं भांडण तिथंच मिटेल.

तुम्हाला काय वाटतं? व्हॉइस नोट पाठवा.