सारखा म्हणजे तोच नव्हे

गेटवर कॅमेरा असणं आता शहरात कुणाला नवं नाही. नवी आहे ती पुढची पायरी. कॅमेऱ्यानं नुसतं बघायचं नाही, आलेला माणूस कोण आहे तेही सांगायचं. आमच्या सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा बोलणं झालं ते खर्चाचं. कॅमेरे आहेतच, जोडीला कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर घेतलं की झालं, असं बहुतेकांचं मत होतं. पण पैशाच्या हिशोबाआधी हे यंत्र ‘ओळखतं’ म्हणजे नेमकं काय करतं, ते समजून घ्यायला हवं.

यंत्राचं काम तीन पायऱ्यांनी चालतं. पहिल्या पायरीवर चित्रात चेहरा कुठे आहे तेवढं ते शोधतं. झाड, स्कूटर, भिंत बाजूला टाकून चेहऱ्याभोवती चौकट आखतं. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स या संशोधकांनी 2001 साली मांडलेल्या पद्धतीमुळे हे काम साध्या कॉम्प्युटरवरही झटपट होऊ लागलं. दुसऱ्या पायरीवर कललेला चेहरा सरळ करून घेतला जातो. तिसऱ्या पायरीवर त्या चेहऱ्याचे आकडे होतात. गूगलच्या संशोधकांनी 2015 साली मांडलेली फेसनेट ही पद्धत एका चेहऱ्याचे 128 आकडे करते. आधी नोंदवलेल्या चेहऱ्यांचेही असेच आकडे साठवलेले असतात. नवे आकडे जुन्यांच्या किती जवळ आहेत, एवढंच मग मोजायचं असतं.

म्हणजे यंत्र ‘हा तोच आहे’ असं म्हणत नाही, ‘हा त्याच्यासारखा आहे’ असं म्हणतं. मी कविता लिहितो, त्यामुळे हा फरक माझ्या रोजच्या कामातला आहे. शाळेच्या व्याकरणात आपण सगळेच शिकलो आहोत. मुख चंद्रासारखं म्हटलं की उपमा, मुख हाच चंद्र म्हटलं की रूपक. यंत्र देतं ती उपमा. पडद्यावर नाव उमटलं की आपण तिचं रूपक करून टाकतो. आणि एकाला पाहून दुसराच समजलो, तर त्यालाही व्याकरणात नाव आहे, भ्रांतिमान. कवितेत तो अलंकार आहे, गेटवर मात्र तो एखाद्याचा अपमान ठरतो.

किती सारखेपणा पुरेसा मानायचा, हे यंत्र बसवणारा ठरवतो. या मर्यादेला तंत्रज्ञ थ्रेशोल्ड म्हणतात, म्हणजे उंबरठा. उंबरठा खाली ठेवला तर परका माणूस घरचा ठरतो. वर उचलला तर घरचाच माणूस बाहेर अडतो. दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारातल्या एका उत्तरात आपली मर्यादा 80 टक्के सांगितली होती. हा आकडा माणसानं ठरवलेला असतो, हे विसरू नये. समजा, आपल्या गेटमधून दिवसाला 2000 वेळा ये-जा होते आणि यंत्र हजारात एकदाच चुकतं. तरी रोज दोन चुका, महिन्याला 60.

अशा चुकीची किंमत काय, ते अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात दिसलं. दुकानातून घड्याळं चोरीला गेली होती. कॅमेऱ्यातलं अंधुक चित्र एका माणसाच्या वाहन परवान्यावरच्या फोटोशी यंत्रानं जुळवलं आणि जानेवारी 2020 मध्ये पोलिसांनी त्याला बायकामुलींसमोर बेड्या घातल्या. तो निर्दोष होता. 2024 साली झालेल्या तडजोडीत, केवळ चेहरा जुळला म्हणून अटक करायची नाही, हे तिथल्या पोलिसांना मान्य करावं लागलं. अमेरिकेच्याच राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनं डिसेंबर 2019 मध्ये बऱ्याच सॉफ्टवेअरची तपासणी जाहीर केली. त्यांतल्या अनेकांत आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहरे चुकून जुळण्याचं प्रमाण गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा 10 ते 100 पट आढळलं. सगळ्यांची गत अशी नव्हती. म्हणून विकत घेताना, हे आपल्याकडच्या चेहऱ्यांवर तपासलं आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

यंत्र बसवायचंच असेल, तर काही गोष्टी सांभाळाव्यात. छताजवळचा कॅमेरा माणसाचा टाळू दाखवतो. ओळखीसाठी तो चेहऱ्याच्या पातळीच्या जवळ आणि समोर हवा. पाठीमागून ऊन आलं की चेहरा काळवंडतो, म्हणून उजेड समोरून पडेल असं पाहावं. नोंदणीसाठी लग्नातले फोटो देऊ नयेत. त्याच कॅमेऱ्यातून, दिवसाचे आणि रात्रीचे, चार-पाच स्पष्ट फोटो घ्यावेत. पहिला महिनाभर यंत्राच्या सांगण्यावरून कुणालाही अडवू नये, नुसत्या चुका मोजाव्यात आणि मग उंबरठा ठरवावा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. उन्हासाठी ओढणी गुंडाळून स्कूटरवरून येणारी मुलगी असो, नाहीतर नकाब घेतलेली माझी बहीण असो, यंत्राला दोघींचा चेहरा अपुराच. त्याचं उत्तर येणार ‘अनोळखी’. अनोळखी याचा अर्थ संशयित असा होत नाही, हे वॉचमनला आणि त्याआधी कमिटीला पक्कं समजलेलं हवं.

राहिला प्रश्न नोंदवहीचा. तिच्यात सर्वांत आधी चेहरे जातील ते घरकाम करणाऱ्या मावशींचे, दूधवाल्याचे, गाड्या धुणाऱ्या मुलांचे. 2023 साली संसदेनं केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचं तत्त्व आहे की संमती मोकळेपणानं, नीट माहिती देऊन घेतलेली असावी आणि ती मागेही घेता यावी. नाही म्हटलं तर काम जाईल अशी भीती असताना दिलेला होकार मोकळा कसा म्हणायचा? पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. म्हणून हे आकडे सोसायटीच्याच कॉम्प्युटरवर राहावेत, काम सोडून गेलेल्याची नोंद त्याच आठवड्यात पुसावी, आणि ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याच्यासाठी ओळखपत्राची साधी वाट खुली असावी.

आणखी एक नाव आधीच ठरवायला हवं. यंत्र चुकलं, तर गेटवर अडवलेल्या माणसाची माफी कोण मागणार? ते नाव कॅमेऱ्याखाली पाटीवर लिहावं. लिहायला कुणी तयार नसेल, तर नुसतं बघणारा कॅमेरा पुरेसा आहे.