नवा कोच, पहिलीच मॅच हरली. मग?

बदलापूर लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल, तर आधी आत सरका. आजचा प्रश्न: नवा कोच आला की टीममध्ये नेमकं बदलतं काय?

उदाहरण आपल्या मुंबई सिटी एफसीचं. 2020 मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा हेड कोच झाले. कोविडमुळे सगळा सीझन गोव्यात. पहिली मॅच नॉर्थईस्ट युनायटेडशी. हाफटाइमआधीच जाहूला रेड कार्ड, आणि 0-1 ने हार. झालं, लोक बोलायला मोकळे!

पण लोबेरांनी पद्धत सोडली नाही. गोलकीपरपासून छोटे पास. समोरचा बॉल घ्यायला पुढे आला की त्याच्या मागे जागा मोकळी होते, तिथे घुसायचं. हे लवकर जमलं, कारण जाहू, फॉल, बूमू आणि मंदार राव देसाई एफसी गोव्यात त्यांच्याच हाताखाली खेळले होते. म्हणजे नव्या प्रोजेक्टवर जुना कोड माहीत असलेली माणसं!

लीगअखेर मुंबई आणि एटीके मोहन बागान, दोघांचे 40 पॉइंट्स. आपसातल्या दोन्ही मॅच मुंबईने जिंकलेल्या, म्हणून शील्ड मुंबईला. 13 मार्च 2021 च्या फायनललाही समोर तेच. 1-1 असताना 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल!

आता आपलं. उल्हासनगर-अंबरनाथच्या कॉलेज टीमच्या कोचला ओळखीचे खेळाडू विकत आणता येत नाहीत. त्यात नॉकआउट असली, तर पहिली हार म्हणजे सीझन संपला. म्हणून स्कोअर विचारण्याआधी एवढंच विचारा: पोरं एकत्र किती दिवस खेळली?