पहिला माणूस : ऐकीव समज आणि मूळ कथा

आपले मूळ पूर्वज कोण, हा प्रश्न बहुतेक सगळ्याच समाजांना पडला आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्याचे उत्तर शोधले. पण ही उत्तरे आपल्यापर्यंत येतात ती ऐकीव रूपात, एकमेकांत मिसळून. त्यातून रुजलेले सहा समज मूळ कथांशी ताडून पाहू.

गैरसमज १ : सगळीकडे आधी एक पुरुष आणि एक स्त्रीच असते.
वस्तुस्थिती : ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांच्या ‘पोपोल वुह’ या ग्रंथात देव आधी चिखलाचा माणूस करतात, तो पाण्यात विरघळतो. मग लाकडाची माणसे करतात. ती चालतात-बोलतात, पण त्यांना मन नसते आणि आपल्या निर्मात्यांची आठवणही राहत नाही. शेवटी श्मुकाने ही आजी पिवळा आणि पांढरा मका नऊ वेळा दळते आणि त्यातून चार पुरुष घडतात. त्यांची नजर सगळ्या जगाच्या आरपार जाते. ते पाहून देव धास्तावतात आणि त्यांची दृष्टी मुद्दाम अंधूक करतात. त्यांच्या बायका त्यानंतर येतात. ज्यांचे जगणे मक्यावर, त्यांचा पूर्वजही मक्याचाच.

गैरसमज २ : माणूस सृष्टीचा मुकुटमणी म्हणूनच घडवला गेला.
वस्तुस्थिती : मेसोपोटेमियाच्या ‘अत्राहासिस’ काव्यात धाकटे देव कालवे खणून थकतात, अवजारे जाळतात आणि थोरल्या देवाच्या दाराशी बंड करून उभे राहतात. तोडगा म्हणून एका देवाचा बळी देऊन त्याचे रक्तमांस चिकणमातीत कालवतात आणि माणसे घडवतात. देवांचे कष्ट उपसण्यासाठीच माणसाचा जन्म, असे ही कथा सांगते. गाळाच्या जमिनीत कालवे खणणाऱ्या लोकांचीच ती कथा आहे.

गैरसमज ३ : हव्वेने सफरचंद खाल्ले.
वस्तुस्थिती : बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात फळाचे नावच नाही. ज्यू परंपरेत द्राक्ष, अंजीर, इतकेच काय, गव्हाचीही चर्चा झाली. सफरचंद रुजले ते युरोपात, आणि चित्रकारांनी ते घरोघरी पोहोचवले.

गैरसमज ४ : आदमच्या बरगडीतून हव्वा झाली, म्हणून पुरुषाला एक बरगडी कमी असते.
वस्तुस्थिती : स्त्री असो वा पुरुष, सर्वसाधारणपणे दोघांनाही बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियस याने १५४३ च्या आपल्या ग्रंथात हा समज खोडून काढला होता.

गैरसमज ५ : मनू म्हणजे हिंदूंचा आदम.
वस्तुस्थिती : पुराणांनुसार एका कल्पात १४ मनू होतात. पहिला स्वायंभुव; त्याची पत्नी शतरूपा. सध्या चालू आहे ते सातव्या, वैवस्वत मनूचे मन्वंतर. शतपथ ब्राह्मणातला मनू तर महापुरातून एकटा वाचलेला माणूस आहे. तो पाण्यात तूप-दही अर्पण करतो, त्यातून इडा प्रकटते आणि तिच्यापासून पुढची प्रजा होते. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात माणसाची उत्पत्ती आणखी वेगळी सांगितली आहे. एकाच परंपरेत इतकी उत्तरे सुखाने नांदली, हे आपण विसरता कामा नये.

गैरसमज ६ : डीएनएने आदम आणि हव्वा सिद्ध केले.
वस्तुस्थिती : १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात १४७ व्यक्तींचा मायटोकाँड्रियल डीएनए तपासला गेला. हा डीएनए आईकडून येतो. त्याचा माग सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या, बहुधा आफ्रिकेतल्या एका स्त्रीपर्यंत लागला. पण त्या काळी ती एकटीच स्त्री नव्हती. तिच्याबरोबर इतरही अनेक माणसे जगत होती. अखंड आई-लेकीची साखळी मात्र तिचीच टिकली. वडिलांकडून येणाऱ्या वाय गुणसूत्राचा मूळपुरुषही असाच शोधला जातो. ती दोघे नवरा-बायको होती, असे विज्ञान म्हणत नाही.

माणूस जैविकदृष्ट्या कसा घडला, हे उत्क्रांतीचे शास्त्र सांगते. माणसाने स्वतःला काय मानले, हे या कथा सांगतात. ‘शेवटी सगळ्या कथा एकच’ असे म्हणून त्यांतले वेगळेपण पुसून टाकणे हा त्या जपणाऱ्या माणसांवर अन्याय आहे. तेव्हा ऐकीव सारांशावर थांबू नका. मूळ कथा मिळवून वाचा आणि मुलांनाही त्या त्यांच्या खऱ्या रूपातच सांगा.